डावीकडचे पॅनेल

गेल्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, मी एकाहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांना पाच जणांसमोर सांगितले की त्यांची आठवण चुकते आहे. ती चुकत नव्हती.

जागा म्हणजे पावसच्या रस्त्यावरची एका बागायतदारांची आंबा भरायची शेड. हंगाम संपला की ती रिकामी असते. जून ते फेब्रुवारी, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, विज्ञानकथा वाचणारे आणि लिहिणारे आम्ही सात जण तिथे जमतो. आंब्याच्या लाकडी पेट्या उलट्या करून बसतो. बागायतदारांना लढाऊ विमानांचे वेड आहे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक कथेत एक तरी विमान असते. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई येतात. मी एका दैनिकाच्या जिल्हा कचेरीत उपसंपादक आहे आणि मंडळाचा छोटा दिवाळी अंक मी संपादित करतो. दीडशे प्रती निघतात.

मंडळाचा एक नियम आहे. कथा वाचली जात असताना कोणीही हात वर करून “विमान खाली” म्हणू शकतो. वाचन तिथे थांबते. मग लेखकाने सांगायचे: यानाचे वजन किती, इंधन कुठे ठेवले, इंजिनाची उष्णता कुठून बाहेर पडते. समाधान होईपर्यंत कथा पुढे जात नाही, अंकातही जात नाही. हा नियम मी केला.

ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. लांज्याजवळच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. विसाव्या वर्षी ते हवाई दलात फिटर म्हणून लागले. सगळी नोकरी लढाऊ विमानांच्या पोटाखाली झाली. निवृत्तीनंतर काही वर्षे लोट्याच्या एका कारखान्यात देखभालीचे काम केले, मग रत्नागिरीत कुवारबावला घर बांधले. आमच्यात विमानाला प्रत्यक्ष हात लावलेले ते एकटेच. तीन वर्षांपूर्वी बागायतदारांनी त्यांना पहिल्यांदा शेडमध्ये आणले, तेव्हा बागायतदारांचीच कथा वाचली जात होती. बाविसाव्या शतकातले एक लढाऊ विमान इंधन संपल्यामुळे आमच्या इथल्या कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, उतरते, अशी कथा होती. काका मागच्या पेटीवर बसून ऐकत होते. त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

“खाली का काय म्हणता ते.”

“बोला, काका.”

“सड्यावर उतरवलंत, बरं केलंत. कातळ पक्का आहे. पण वरची खडी कोणी झाडली?”

“म्हणजे?”

“इंजिन पुढनं हवा ओढतं. हवेबरोबर खडी. एक खडा आत गेला की पाती संपली. आम्ही सकाळी ओळीनं उभं राहून अख्खी धावपट्टी वाकून वेचायचो. बायका तांदळातले खडे वेचतात तशी.”

बागायतदार म्हणाले, “बाविसाव्या शतकात चुंबकानं ओढून घेतील.”

“जांभा चुंबकाला चिकटतो का हो, बाई?”

बाई म्हणाल्या, “तितका नाही.”

“आणि दुसरं,” काका म्हणाले, “तुमचं विमान आठ दिवस समुद्राच्या काठाला उभं आहे. खारं वारं. तुमच्या त्या शतकात विमान धुतं कोण?”

शेडमध्ये मोठा हशा झाला. कोणाच्याच कथेत विमान कोणी धूत नव्हते. पुढे ते वाक्य मंडळात रुळले. कथेत काही राहून गेले की कोणीतरी म्हणे, “ते ठीक आहे, पण धुतं कोण?”

काका स्वतःच्या स्कूटरवरून येत. डिकीत एक वही आणि पान्यांची कापडी गुंडाळी. घरी त्यांनी भिंतीवर एक फळी लावली होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काळ्या रंगाने काढलेली आणि हत्यार त्या रेषेत टांगलेले. काम संपले की फळीकडे बघायचे. एक जरी रेषा रिकामी असली तरी विमान उडणार नाही, कारण तो पाना विमानात राहिलेला असू शकतो. हे त्यांनी मला समजावून सांगितले होते, आणि मी त्यावर आमच्या पुरवणीत एक चौकटही छापली होती. त्यांच्या कामात आणि माझ्या कामात साम्य आहे, असे मला तेव्हा वाटत असे.

गेल्या वर्षी जुलैत त्यांनी आयुष्यातली पहिली कथा लिहिली. दोनशे पानी वहीत अठरा पाने, सुवाच्य अक्षर, प्रत्येक पानावर खाली सही आणि तारीख. कथा अशी: पुढच्या शतकात लढाऊ विमाने वैमानिकाशिवाय उडतात आणि त्यांची दुरुस्ती यंत्रेच करतात. संग्रहालयातले एक जुने विमान पुन्हा उडवायचे ठरते. त्यातून तेल गळते आणि यंत्रांना जागा सापडत नाही. मग एका म्हाताऱ्या फिटर बाईला बोलावतात. ती विमानाखाली उताणी झोपते, पंखाच्या मुळाशी डाव्या बाजूला असलेले तळहाताएवढे पॅनेल उघडते, कोपरापर्यंत हात आत घालते आणि न बघता, बोटांनी गळती शोधते. बाकी कथेत फार काही घडत नाही. हात आत गेल्यावर बोटांना काय काय लागते, ते तीन पानांत लिहिले होते. ती तीन पाने आमच्या अंकात आजवर आलेल्या कोणत्याही मजकुरापेक्षा चांगली होती. हे मी त्या दिवशी म्हटले नाही.

विमान खरे होते, एकेकाळी वापरात असलेले. म्हणून मी सवयीप्रमाणे तपशील तपासून गेलो होतो. माझ्याकडे एका परदेशी लेखकाचे जाड पुस्तक होते. त्यात त्या विमानाचे आतले भाग दाखवणारे मोठे चित्र आहे. शिवाय विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांसाठी कोणीतरी काढलेले नकाशे इंटरनेटवर मिळाले. दोन्हींत ते पॅनेल उजवीकडे होते.

काका वाचत असताना मी हात वर केला.

“विमान खाली.”

ते थांबले. चष्मा नाकावर घेऊन माझ्याकडे बघितले.

“पॅनेल उजवीकडे आहे, काका.”

“नाही, डावीकडे.”

बाईंनी विचारले, “डावीकडे म्हणजे कोणाच्या? समोर उभ्या माणसाच्या की वैमानिकाच्या?”

“वैमानिकाच्या. आमच्यात दुसरी डावी नसते. तो बसतो ती डावी.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “संपादक, माझा हात आत गेलेला आहे. एकदा नाही, शेकड्यानं.” त्यांनी शर्टाची डावी बाही वर केली. कोपराखाली एक जुना लांबट व्रण होता. “ही त्या पॅनेलची कड.”

मी म्हणालो, “व्रणावरून बाजू सिद्ध होत नाही.”

कोणी हसले नाही. मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरले, मग मोबाइलवर नकाशा दाखवला. “दोन वेगवेगळे स्रोत आहेत, काका. इतकी वर्षं झाली. आठवण चुकते आहे तुमची.”

ते पुस्तक मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिले. बोटाने चित्रातला पंख, मग पोट, मग ते पॅनेल असे चाचपत गेले. बागायतदार म्हणाले, “अहो, राहू दे ना डावीकडे. कथा आहे ती.”

“नाही,” मी म्हणालो. “नियम सगळ्यांना सारखा.”

काकांनी खिशातले लाल पेन काढले, उघड्या पानावरच्या ‘डाव्या’ शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर ‘उजव्या’ लिहिले आणि बाजूला सही केली. “पुस्तक म्हणतं तसं,” ते म्हणाले. “बाकीचं तुम्ही करा.”

त्यांचा धरून एकूण सात ठिकाणी बदल झाला. पॅनेल उजवीकडे गेल्यामुळे फिटर बाईचा हातही बदलावा लागला. कथेच्या शेवटी मी एक ओळ टाकली: ‘तांत्रिक तपशील संपादकांनी तपासून दुरुस्त केले आहेत.’

त्या दिवशी निघताना स्कूटरपाशी काका मला जे बोलले, ते मी घरी येऊन लिहून ठेवले होते.

“आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. आठवणीवर काम करायचं नाही. पुस्तक उघडायचं, वाचायचं, मग पाना उचलायचा. पुस्तक आणि हात यांचं पटलं नाही, तर चुकलेला हात.” मग ते म्हणाले, “माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं. पहिलं डावं-उजवं गेलं. घराच्या पुढल्या दारानं निघायचा तो मागल्या दारानं. चार वर्षांनी मला म्हणाला, तुम्ही कोणाकडचे?”

मी म्हणालो, “वयाप्रमाणे व्हायचंच, काका.”

मला त्यांना धीर द्यायचा होता.

त्याच महिन्याच्या चौथ्या रविवारी काका रिक्षाने आले. स्कूटर बिघडली का, असे बागायतदारांनी विचारले. “स्कूटर चांगली आहे,” ते म्हणाले. पुढे काकूंकडून कळले ते असे. त्या आठवड्यात त्यांनी स्कूटरच्या किल्लीला लाल टॅग बांधला होता. विमानाचा एखादा भाग सदोष ठरला की त्याला लाल टॅग लावतात. त्यानंतर तपासणी होऊन सही होईपर्यंत त्या भागाला कोणी हात लावायचा नाही. काकूंनी विचारले, “स्कूटरला काय झालंय?” तर म्हणाले, “स्कूटरला नाही, मला.” गॅस त्यांनी पेटवायचा बंद केला. घराच्या किल्ल्या काकूंकडे दिल्या. गावच्या सामाईक बागेचे कागद त्यांच्याकडे असत, ते पुतण्याला बोलावून दिले.

बैठकीत त्यांनी हात वर करणे थांबवले. सप्टेंबरात बागायतदारांनी मुद्दाम त्यांना विचारले, “काका, या वेगाला पंखाचा पत्रा तापेल का?” काका म्हणाले, “पुस्तकात बघा.” ऑक्टोबरात ते आले नाहीत. अंक निघाला, त्यांची प्रत मी घरी नेऊन दिली. त्यांनी माझी ती ओळ वाचली आणि मान हलवली. नोव्हेंबरात मुलगा येऊन दोघांना मुंबईला घेऊन गेला. घराला कुलूप लागले. स्कूटर बागायतदारांच्या शेडमध्ये आणून ठेवली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या कथेसाठी मी तेच जाड पुस्तक चाळत होतो. त्या मोठ्या चित्राच्या पुढे सहा पानांवर एक जुना कृष्णधवल फोटो आहे. विमानाखाली एक मेकॅनिक उकिडवा बसला आहे आणि त्याचा हात पॅनेलच्या आत आहे. पॅनेल उजवीकडे. मी पान उलटणार होतो, इतक्यात त्याच्या शर्टाकडे लक्ष गेले. गुंड्यांची पट्टी उलट बाजूने होती. पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर येते. इथे उजवी वर होती. घड्याळ उजव्या मनगटावर होते.

फोटो उलटा छापला गेला होता.

उलटा फोटो ओळखणे हे माझे काम आहे. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात शिकवतो: घड्याळ बघा, भांग बघा, गुंड्या बघा. एकदा एका सत्काराच्या फोटोत सगळ्या पाहुण्यांची घड्याळे उजव्या हातांत दिसली, तेव्हा छपाई थांबवायला लावणारा मीच होतो. ऑगस्टमध्ये हा फोटो माझ्यासमोर होता. मी फक्त पॅनेल बघितले.

पान आरशापुढे धरले. पॅनेल डावीकडे गेले. मग मोठ्या चित्राखालची बारीक अक्षरे भिंगाने वाचली. चित्रकाराने ज्या फोटोंचा आधार घेतला त्यांत हा एक होता. इंटरनेटवरच्या नकाशाच्या कोपऱ्यात त्या चित्राचे ऋण मान्य केले होते. म्हणजे माझे दोन स्रोत हा एकच स्रोत होता. हेही मी नव्या मुलांना शिकवतो.

त्या दिवशी मी फोन केला नाही. स्वतः विमान बघितल्याशिवाय बोलू नये, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण ते नव्हते. मला ती ओळ परत घ्यायची नव्हती.

तीन आठवड्यांनी काकूंचाच फोन आला. मुलाने काकांना डॉक्टरांकडे नेले होते. दोन वेळा तपासण्या झाल्या. वयाच्या मानाने सगळे ठीक आहे, काळजीचे काही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

“पण ऐकतायत कुठे,” काकू म्हणाल्या. “म्हणतात, डॉक्टरांनी मला शंभरातून सात वजा करायला लावले, विमानाचं कुठे विचारलं? तुमच्याकडे काय झालं होतं हो त्या दिवशी? मला काही सांगत नाहीत.”

मी म्हणालो, “विशेष काही नाही, काकू. कथेवर चर्चा झाली.”

तेव्हा फोटोवाले पुस्तक माझ्या टेबलावरच होते.

जानेवारीत मी सकाळची एसटी धरून देशावरच्या एका शहरात गेलो. तिथे त्या जातीचे एक विमान चौकात चौथऱ्यावर ठेवलेले आहे. चौथऱ्याला रेलिंग आहे. रेलिंगला टेकून वर बघितले की विमानाचे पोट दिसते. डाव्या पंखाच्या मुळाशी तळहाताएवढ्या पॅनेलची रेषा होती. उजवीकडे तशी नव्हती. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले. ते विमान तिथे बऱ्याच वर्षांपासून आहे. ऑगस्टपूर्वीही मला जाता आले असते.

पुस्तकाच्या प्रकाशकांना मी पत्र लिहिले. शुद्धिपत्राच्या दीडशे पट्ट्या छापून घेतल्या: ‘या कथेत सात ठिकाणी “उजव्या” ऐवजी “डाव्या” असे वाचावे. मूळ लेखकाचा तपशील बरोबर होता. चूक संपादकाची आहे.’ बाई आणि बागायतदार यांनी रत्नागिरीतल्या प्रती गोळा करून पट्ट्या चिकटवायला मदत केली. बागायतदार गोंद लावता लावता म्हणाले, “मी म्हटलं होतं, राहू दे म्हणून.”

फेब्रुवारीत मी मुंबईला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडले. स्वयंपाकघरातल्या खणात जाड कागद घातला होता आणि त्यावर सुरी, कात्री, सांडशी यांच्या बाह्यरेषा पेनाने काढलेल्या होत्या. “ह्यांचं काम,” काकू म्हणाल्या. “आजवर एक वस्तू इकडची तिकडे केली नाही. तरी म्हणतात, आता होईल.”

काका खिडकीपाशी बसले होते. मी त्यांच्यापुढे पुस्तक उघडले. काही सांगायच्या आत त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, “ह्याचा शर्ट बायकी कसा?”

“फोटो उलटा छापलाय, काका.”

त्यांनी काकूंचा हातआरसा मागितला. फोटोला लावून बघितले. बाजू बदलून पुन्हा बघितले.

“म्हणजे पुस्तक चुकलं.”

“हो. पुस्तकही चुकलं आणि मीही. तुमचं बरोबर होतं. मला हे डिसेंबरपासून माहीत आहे. काकूंनी विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्या आत गेल्या.

“पुस्तक चुकलं की वरून दुरुस्तीचं पान येतं,” काका म्हणाले. “जुनं पान फाडायचं, नवं लावायचं. आलंय?”

“प्रकाशकांना लिहिलंय. उत्तर नाही.”

“मग अजून पुस्तक तेच.”

“मी विमान बघून आलो, काका. प्रत्यक्ष.” मोबाइलवरचे फोटो दाखवले.

“हात घातलात?”

“नाही. चौथरा उंच आहे.”

ते किंचित हसले. “मग.”

मी शुद्धिपत्राची पट्टी काढली. त्यांनी स्वतःची प्रत आणली, कथेचे पान उघडून दिले, मी पट्टी चिकटवली. त्यांनी तिच्याखाली फूटपट्टी ठेवून दोन रकाने आखले. एकावर ‘केले’ लिहिले, दुसऱ्यावर ‘तपासले’.

“आमच्यात दोन सह्या लागतात. करणाऱ्याची एक, तपासणाऱ्याची एक. तुम्ही करा.”

मी पहिल्या रकान्यात सही केली आणि तारीख घातली. पेन त्यांच्याकडे दिले. त्यांनी ते दुसऱ्या रकान्यावर धरले आणि तसेच थांबले.

काकू परत आल्या होत्या. “करा ना सही. तुमचं बरोबर होतं म्हणतायत ते.”

“ऑगस्टात म्हणाले चूक. आज म्हणतात बरोबर. दोन्ही वेळा पुस्तक घेऊनच आले.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तपासणाऱ्याला खात्री लागते गं. मी रोज सकाळी उठून हात घालून बघतो. डोळे मिटून. आधी डावीकडे जायचा. आता कधी डावीकडे जातो, कधी उजवीकडे.”

त्यांनी पेनाला टोपण लावले आणि मला परत दिले. काकूंनी चहा आणला. आम्ही तो घेतला. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “बागायतदारांना सांगा, स्कूटर आठवड्यातून एकदा सुरू करा. बॅटरी उतरते.”

मार्चमध्ये शेड आंब्यासाठी रिकामी करावी लागली. बागायतदारांनी स्कूटर माझ्या घरी आणून लावली. किल्ली लाल टॅगसकट माझ्याकडे आहे. टॅग मी काढलेला नाही. दर रविवारी स्कूटर सुरू करतो. प्रकाशकांचे उत्तर आलेले नाही. गेल्या रविवारी मी काकूंना फोन केला. त्यांनी प्रत आणून पान उघडले. पट्टीखाली अजून एकच सही आहे.